अपचं जहाज, डाऊनचं जहाज

शनिवार, ५ नोव्हेंबर. बनहा

इन्शिराहच्या भावाचा गुडघा धरलाय म्हणे. पोर्ट सईदला जायलाच हवं म्हणे. हा अरफा साध्या सर्दीनेही कधी आडवा झालेला मी पाहिला नाही. पण बायको सकाळी आठ वाजता ट्रंक काढून बसली की नवऱ्याने प्रश्न विचारायचे नसतात. ठीक आहे, जाऊ. निवृत्त माणसाला काय, इथे बसलं काय नि तिथे बसलं काय.

ही वही रेल्वेची आहे. केबिनमध्ये चौतीस वर्षं सिग्नल टाकले आणि प्रत्येक गाडी वेळेसकट नोंदवली, त्यामुळे लिहायची खोड गेली नाही. आता गाड्या नाहीत म्हणून स्वतःलाच नोंदवतो.

एक गोष्ट मात्र या वहीत कधी लिहिली नाही, ती आज लिहून टाकतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलाने, वाएलने, रेल्वेतली नोकरी सोडली. कायमची नोकरी. ती मिळवायला मी किती साहेबांच्या दारात उभा राहिलो ते माझं मला माहीत. आणि हे चिरंजीव एका मालवाहू जहाजावर इंजिनला तेल घालायला निघून गेले. त्या दिवशी सगळ्या आळीसमोर माझ्या तोंडून गेलं की, हा पुन्हा या उंबरठ्याच्या आत आला तर इन्शिराह, तुला तलाक. आमच्याकडे पुरुष चिडले की ही शपथ घेतात. भाजीवालाही घेतो आणि दहा मिनिटांत विसरतो. मी विसरणाऱ्यातला नाही. मशिदीचे शेख मध्ये मला म्हणाले होते, अरे शहाता, शपथ उतरवायची रीत आहे, ये, सांगतो. मी म्हटलं, एकदा टाकलेला सिग्नल मी फिरवत नसतो. त्यानंतर वाएल सुट्टीला घरी आला नाही. कसा येणार? आला तर त्याच्या आईचा संसार मोडतो.

घरात त्याचं नाव काढायचं नाही असं मी बजावलं होतं. इन्शिराहने ते पाळलं. फक्त मला हाक मारते ती 'वाएलचे बाबा' अशीच, दिवसातून वीस वेळा.

ट्रंकेत माझे जुने झेंडे टाकलेत, हिरवा आणि लाल. काही बांधायला वगैरे लागलं तर असावेत.

रविवार, ६ नोव्हेंबर. पोर्ट सईद

गाडी बावीस मिनिटं उशिरा. आमच्या काळात असं चाललं नसतं.

इस्माइलियाच्या पुढे रूळ कालव्याच्या कडेने जातात. खिडकीतून नुसतं वाळवंट दिसत होतं आणि त्या वाळवंटातून एक सहा मजली लाल जहाज चाललं होतं. पाणी दिसतच नव्हतं. मी इन्शिराहला कोपराने ढोसून म्हटलं, बघ, बघ. मग लक्षात आलं की मी फार मोठ्याने बोललो. समोरचा फौजी हसत होता.

स्टेशनवर अरफा हजर. आमची ट्रंक त्याने खांद्यावर टाकली आणि तीन जिने एका दमात चढला. मी विचारलं, "कुठला गुडघा रे?" तो म्हणाला, "डावा, दाजी." नेमकं त्याच वेळी इन्शिराह म्हणाली, "उजवा." दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

मग ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "खोटं बोलले, जा. गुरुवारी माझ्या पोराचं जहाज सुवेझहून निघून इथून समुद्रात जाणार आहे. ते थांबत नाही, नुसतं जातं. मी काठावर उभी राहून त्याला बघणार आहे. काठ काही तुमच्या घराचा उंबरठा नाही. तुम्ही यायचं तर या, नाहीतर घरी बसून घेवड्याची उसळ खा."

मी ताट पुढे ओढलं. उसळ मात्र चांगली होती.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

बायकांना वेळेचा हिशोब जमत नाही, म्हणून जहाजाचं वेळापत्रक मी हातात घेतलं. मुलाशी याचा काही संबंध नाही. काम व्हायचं तर नीट व्हावं इतकंच. जहाज सुवेझहून पहाटे पाचला सुटणार. एकशे त्र्याण्णव किलोमीटर, वेग ठरलेला, अकरा तास. म्हणजे दुपारी चारला पोर्ट सईद. अर्धा तास इकडे तिकडे धरा.

रोज सकाळी कालव्याच्या कठड्यावर जाऊन जागा पाहून ठेवतो. फेरीच्या धक्क्यापासून तिसरा बाक उत्तम. मध्ये खांब नाही, ऊन पाठीवर येतं. आज तासाभरात सात जहाजं मोजली. एक एक अख्खं बनहा स्टेशन पोटात घालील एवढं. आणि इतकी जवळून जातात की वरच्या माणसाच्या हातातला चहाचा ग्लास दिसतो. एका खलाशाने हात केला. मीही केला. या वयात हे बरं नव्हे, पण उद्या पुन्हा जाणार.

एक नोंद. सकाळी दिसतात ती सगळी डाऊनची, समुद्राकडून सुवेझकडे जाणारी. अपचं, म्हणजे सुवेझकडून येणारं, एकही दिसलं नाही. ती दुपारी येत असणार. दुपारी मी झोपतो.

अरफा जेवताना म्हणाला, "दाजी, तीस वर्षं काढलीत मी कालव्यात. काही विचारायचं असेल तर विचारा हं." त्याचं काम दोर बांधायचं. कालव्यातून जाणाऱ्या प्रत्येक जहाजावर यांची होडी आणि माणसं चढवावी लागतात. वाटेत जहाज काठाला लावायची पाळी आली तर हे दोर घेऊन काठावर पळतात. मी म्हटलं, अरफा, लाइन ती लाइन. रुळाची असो, पाण्याची असो. तो लिंबू पिळून शिंपल्या खात राहिला.

बुधवार, ९ नोव्हेंबर

न्हाव्याकडे जाऊन आलो. मिशीला थोडं काळं लावलं. सहज.

इन्शिराहने द्राक्षाच्या पानांत भात भरून गुंडाळ्या केल्यात, दोनशे तरी असतील. म्हटलं, जहाज थांबणार नाही, कोणाला देणार? म्हणाली, "त्याला लांबून दाखवीन." वेडी आहे. पण मीही नवा सदरा काढून ठेवला.

गुरुवार, १० नोव्हेंबर

अडीचला बाक धरला. तिने ठेवणीतला जांभळा झगा घातला होता. शेजारी बसलेल्या बाईला सांगत होती, "आमच्या यांच्या हाताखालून चौतीस वर्षांत एक गाडी चुकली नाही." मी झेंडे पिशवीत गुंडाळून मांडीवर धरले होते.

चार वाजले. साडेचार वाजले. पाण्यावर फेरी आणि पक्षी, बाकी काही नाही.

चार अडतीसला तिचा फोन वाजला. आवाज इतका मोठा की मलाही ऐकू आला. तीन वर्षांनी. "आई, मी डेकवर उभा आहे. तुम्ही कुठे आहात? इथे नुसती वाळू आहे आणि एक कुत्रं."

पुढचं लिहवत नाही.

शुक्रवार, ११ नोव्हेंबर

काल अरफा पहाटेपासून दुसऱ्या जहाजावर होता. रात्री सुवेझहून बसने परतला आणि आमची तोंडं बघून जागीच थबकला.

सुवेझकडून येणारी जहाजं शहराकडे येतच नाहीत. शहराच्या अलीकडे कालव्याला दुसरा फाटा आहे, पूर्वेकडून, पोर्ट फुआदच्या मागून. ती तिथून परस्पर समुद्रात जातात. चाळीस वर्षांपासून. शहरातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. फेरीने पलीकडे जाऊन टॅक्सीने अर्ध्या तासात तिथे पोचलो असतो.

अरफा डोक्याला हात लावून म्हणाला, "मला वाटलं तुम्ही तिकडेच जाणार. मी विचारा म्हटलं होतं ना, दाजी."

म्हटलं होतं. स्टेशनात अप आणि डाऊन दोन्ही एकाच फलाटासमोरून जातात, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं. विचारायला माझी जीभ झडत होती काय?

इन्शिराह मला चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. गुंडाळ्या तिने जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना वाटल्या.

रविवार, १३ नोव्हेंबर

गाडी पुन्हा रुळावर.

वाएलचं जहाज तुर्कस्तानात माल उतरवून परत येणार आहे. एकवीस तारखेला, सोमवारी, समुद्राकडून सुवेझकडे. म्हणजे डाऊन. म्हणजे माझ्या बाकासमोरून. आम्ही राहणार. बनह्याला काय माझ्यावाचून गाड्या अडल्यात?

आज मी अरफाला समोर बसवून प्रश्न विचारले. मोजून चाळीस. वारा असला तर काय, धुकं आलं तर काय, ताफ्यात कितवा नंबर, हे कधी कळतं, धक्क्याजवळून जाताना माणूस डेकच्या कुठल्या बाजूला उभा राहिला तर दिसतो. सगळं उतरवून घेतलं. चाळिसाव्याला तो म्हणाला, "दाजी, आता मला लघवीला तरी जाऊ द्या."

मेहुणा बेरकी आहे पण मनाचा मोठा. एकवीसची पाळी दुसऱ्याशी बदलून घेतो म्हणाला. तो स्वतः वाएलच्या जहाजावर चढणार आणि टोपली हातोहात देणार. हे ऐकून इन्शिराहने त्याच्या टकलाचा मुका घेतला. मी खिडकीतून बाहेर बघितलं. डोळ्यांत खारा वारा फार जातो इथे.

मंगळवार, १५ नोव्हेंबर

आज बायकोने मला भर उन्हात राबवलं.

सकाळी उठून म्हणाली, मासे घेऊन या, तुमच्या पैशांनी, अरफाच्या नाही. आणले. तिने कांदा पार तपकिरी होईपर्यंत परतून त्यात भात केला, वर मासे. हा भलामोठा हंडा. म्हटलं, कोण लग्नाला येतंय? म्हणाली, उचला. मासळीबाजाराच्या मागे म्हातारे जाळी शिवत बसतात, दोन हमाल असतात, एक आंधळा जपाच्या तसबी विकतो, तिथे नेलं. म्हणाली, "वाढा." मी म्हटलं, तू वाढ की. म्हणाली, "नाही, तुमच्याच हाताने." आणि ताटं मोजत उभी राहिली, जसं काही एखादं ताट कोणी पळवणार आहे.

नऊजण पोटभर जेवले. छान जेवण झालं. एकजण म्हणाला, अल्ला तुझ्या मुलांना सुखरूप घरी आणो. मी आमीन म्हणालो. नुसता शिष्टाचार.

झालं, आता निघू, तर ही हलेना. आणखी एक येऊ दे म्हणे. अर्धा तास उन्हात. रस्त्याने जो दिसेल तो शर्टाची घडी न मोडलेला. माझ्या पोटात कावळे ओरडत होते. शेवटी मी वैतागून हमालांशेजारी जमिनीवर बैठक मारली आणि म्हटलं, मलाच वाढ आता. सुटाबुटातला साहेब नाही मी.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने एक ताट भरून माझ्यापुढे ठेवलं, हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. कांद्याचा वास असेल. मी दोनदा घेतलं.

शनिवार, १९ नोव्हेंबर

वाएलला चिठ्ठी लिहायला बसलो. 'चिरंजीव' लिहिलं. फाडलं. 'तुझी आई बरी आहे' लिहिलं. ते त्याला माहीत आहे. फाडलं. नोंदी लिहिणाऱ्याला पत्र लिहिता येत नाही.

झेंड्याला इस्त्री केली. हिरव्याला.

सोमवार, २१ नोव्हेंबर

हे सगळं वेळेवार लिहायचं ठरवलं होतं, पण नोंदी मागेपुढे होताहेत. जमेल तसं लिहितो.

सव्वासहाला बाकावर. धुकं नाही, वारा बेताचा. अरफा रात्रीच टोपली घेऊन गेला होता. ताफ्यात वाएलचं जहाज नववं. मी बोटांवर मोजत होतो आणि इन्शिराह माझी बाही धरून उभी होती. सातवं गेलं. आठवं गेलं, त्यावर डब्यांचे डोंगर. मग समुद्राकडून निळं, गंजलेलं, कळकट दिसणारं एक जहाज वळलं, आणि इतकं सुंदर जहाज मी आजवर पाहिलेलं नाही.

सहा बावन्न. दोन मिनिटं उशिरा. चालेल.

डेकवर अरफा दोन्ही हातांनी टोपली डोक्यावर धरून नाचत होता. त्याच्या शेजारी नारिंगी कपड्यांतला एक उंच माणूस. खांदे रुंद झालेत. दाढी ठेवलीय. मी त्याला चालीवरून ओळखलं असतं, पण तो चालत नव्हता. कठड्याला धरून उभा होता. इन्शिराह ओरडत होती, "वाएल, राजा, जेवतोस ना वेळेवर?" अख्खा धक्का ऐकत होता. मी तिला गप्प केलं नाही.

तो तिला हात करत होता. माझ्याकडे बघत होता पण मला हात करत नव्हता. त्याला भीती वाटत असणार. मी त्याला तेवढी भीती घातली होती खरी.

आणि मग माझा हात पिशवीत गेला. मी ठरवून केलं नाही. चौतीस वर्षांच्या सवयीने केलं. मी बाकावर चढलो आणि हिरवा झेंडा पूर्ण उघडून, हात ताठ, जसा मी केबिनच्या खिडकीत उभा राहून धरायचो तसा धरला. हा मुलगा त्या केबिनमध्ये लहानाचा मोठा झालाय. हिरव्याचा अर्थ त्याला सांगावा लागत नाही. लाइन मोकळी आहे, ये.

तो दगड झाल्यासारखा उभा राहिला. मग त्याने उजवा हात खांद्यातून सरळ बाहेर काढला आणि तसाच धरून ठेवला. आमचे ड्रायव्हर असंच करायचे. सिग्नल मिळाला. जहाज फेरीच्या धक्क्यापलीकडे गेलं, बंदराच्या घुमटामागे गेलं, तोवर तो हात खाली आला नाही. माझाही नाही. फेरीतली माणसं टाळ्या वाजवत होती, त्यांना काय समजलं कोण जाणे.

मी रडलो. लिहून ठेवतो, रडलो.

मग बाकावरून उतरताना एकदम लक्षात आलं. मी त्याला घरी बोलावलं होतं. तो येणार. आणि शपथ तर तशीच आहे. मी इन्शिराहचा हात धरून म्हटलं, "अगं, हे मी काय केलं? तो आला तर तू..."

ती शांतपणे नाक पुसत म्हणाली, "ती उतरली. गेल्या मंगळवारी. मी इथल्या शेखांना विचारून आले होते. रागात बोललेली, मनात बायको सोडायची नव्हती, तर शपथ घेणाऱ्याने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या हाताने दहा गरिबांना जेवू घालायचं. तुम्ही घातलंत."

म्हणजे ते मासे. तो हंडा. मी बाकावर बसलोच. चौतीस वर्षांत माझ्या केबिनमध्ये मला न सांगता कुणी खटका ओढला नव्हता, आणि या बाईने अख्खी गाडी काढली. बराच वेळ मी नुसता हसत होतो. मग सवयीने मनात ताटं मोजली. दोन हमाल, आंधळा, जाळीवाले सहा.

"इन्शिराह," मी म्हटलं, "ते नऊच होते."

"दहा होते."

"दहावा कोण?"

"तुम्ही," ती म्हणाली. "तीन वर्षं ज्याच्या ताटाशेजारी त्याचा मुलगा जेवायला बसला नाही, त्याच्याहून गरीब मला त्या बाजारात दुसरा कोणी दिसला नाही."

मी हिरव्या झेंड्याची घडी घालायला लागलो.

पण नियम तो नियम. माणूस स्वतःच स्वतःला जेवू घालून शपथ उतरवू शकत नाही, एवढं मलाही कळतं. इतकं मोठं काम दहावी नोंद खोटी ठेवून करायचं नाही. ती म्हणत होती, शेखांना विचारू, चालेल असं म्हणतील. मी म्हटलं, यावेळी मी कुणालाही विचारीन, पण आधी ताट भर.

घरी येऊन तिने कालचा, माझ्याच पैशांचा मासळीभात गरम करून ताट भरलं. ते दोन्ही हातांत धरून मी तीन जिने उतरलो. फेरीच्या धक्क्यावर पक्ष्यांना शिळा पाव घालणारा एक म्हातारा असतो. तो पक्ष्यांना घालतो त्यातलाच अर्धा स्वतः खातो, हे मी दोन आठवडे बघत होतो. त्याच्यापुढे ताट ठेवलं. त्याने विचारलं, "काय निमित्त?" मी म्हटलं, "मुलगा घरी यायचाय."

तो जेवेपर्यंत मी त्याचे पक्षी सांभाळले. त्याने शेवटचं शीत उचललं तेव्हा आठ वाजून चाळीस मिनिटं झाली होती.